बोट, ओंजळ आणि रील: हाताच्या खुणेचा अर्थ कोण ठरवणार?

दोन्ही तळवे वर करायचे, तराजूच्या पारड्यांसारखे आळीपाळीने वर-खाली हलवायचे आणि "सिक्स सेव्हन" म्हणून ओरडायचे. ज्यांच्या घरात मोबाइल बघणारे शाळकरी पोर आहे त्यांनी गेल्या वर्षभरात हा प्रकार कधी ना कधी पाहिला असेल. अर्थ विचाराल तर पोर हसेल. अर्थ नाहीच, आणि तीच त्यातली गंमत. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा रॅपर स्क्रिला याच्या २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या गाण्यात हे दोन आकडे आले. लामेलो बॉल हा बास्केटबॉल खेळाडू सहा फूट सात इंच उंचीचा, म्हणून त्याच्या क्लिपांना ते गाणे चिकटले. मग एका तरुण खेळाडूने त्याला हाताची हालचाल जोडली आणि ती शाळाशाळांतून पसरली. वर्षाच्या शेवटी डिक्शनरी डॉट कॉमने "६७" हा वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केला. ब्रिटनचे पंतप्रधान केअर स्टार्मर नोव्हेंबर २०२५ मध्ये एका शाळेत गेले असता मुलांबरोबर ही खूण करून बसले. त्या शाळेत या खुणेवर बंदी आहे हे कळल्यावर त्यांना मुख्याध्यापिकेची माफी मागावी लागली.

आपल्या वेबसाइटवर हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परभणीपासून शिष्यवृत्तीपर्यंत लिहिण्यासारखे काय कमी आहे? पण जयंतीच्या मिरवणुकीत, पुतळ्यासमोर, बौद्धवाडीच्या विहाराच्या पायरीवर आपली पोरे मोबाइलसमोर हात वर करतात तेव्हा तीही याच यंत्रात शिरत असतात. ज्या यंत्राने बिनअर्थाची खूण जगभर नेली, तेच यंत्र आपल्या अर्थपूर्ण खुणांचे काय करते हे पाहणे आम्हाला गरजेचे वाटते. आम्ही हे राजापूर तालुक्याच्या नजरेतून पाहतो आहोत, आणि त्यालाही कारण आहे.

आधी यंत्राबद्दल थोडक्यात. हाताच्या खुणेला भाषा लागत नाही. ती दोन सेकंदांत संपते, उभ्या स्क्रीनमध्ये मावते, आणि करायला पैसा लागत नाही. रीलच्या बाजारात आवाज उचलता येतो. एकाने वापरलेले गाणे दुसऱ्याने एका टिचकीत घ्यायचे आणि त्यावर तीच हालचाल करायची. पाहणारा शेवटपर्यंत थांबला, पुन्हा पाहिले, खाली भांडला, की ॲप ती क्लिप आणखी लोकांपुढे टाकते. ॲपला हालचालीचा अर्थ कळत नाही, कळायची गरजही नाही. जितका अर्थ कमी तितकी खूण हलकी, आणि हलकी वस्तू लांब उडते. शिक्षकांनी बंदी घातली की आणखी लांब.

आता राजापूर. १२ मार्च २०२५ च्या रात्री राजापूर शहरात शिमग्याची मिरवणूक निघाली होती. होळीचे झाड खांद्यावर घेऊन जाणारी माणसे, जामा मशिदीचे दार, आणि दाराशी टेकवलेला तो लांबलचक बुंधा, एवढा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी देशभर फिरला. मशिदीवर हल्ला झाला, दार फोडण्याचा प्रयत्न झाला, असे सांगत तो दिल्ली-हैदराबादपर्यंत गेला. मशिदीवर हल्ला झालेला नाही, दरवर्षी या मिरवणुकीत झाड मशिदीच्या पायरीला टेकवण्याची जुनी प्रथा आहे, असे जिल्हा पोलिसांनी स्पष्ट केले. त्याच वेळी घोषणाबाजीबद्दल गुन्हाही नोंदवला.

या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत, आणि बहुतेकांनी आपापल्या सोयीची एकच वाचली. झाड पायरीला टेकवणे ही एक खूण आहे. वर्षानुवर्षे शेजाऱ्याच्या दाराशी जाऊन आलो, एवढाच तिचा अर्थ असेल तर ती भेट आहे. त्याच हालचालीवर घोषणा चढल्या की ती भेट राहत नाही. हात तेच, झाड तेच, दार तेच, बदलला तो आवाज. रीलमध्येही नेमके हेच घडते, हालचाल कायम ठेवून आवाज बदलायचा. राजापूरच्या त्या व्हिडिओला प्रथा माहीत नसलेल्या कोट्यवधी लोकांनी पाहिले, आणि ज्यांना प्रथा माहीत होती त्यांच्यातल्या अनेकांनी घोषणा ऐकू न आल्यासारखे केले. कोकणात धार्मिक तणाव नसतो हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. बौद्धवाडीला गावपळणीत, पालखीत, मानपानात कोणते स्थान असते हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या वाक्यातला अर्धा भाग कायम कमी पडलेला दिसतो. पण शेजारधर्माच्या ज्या काही जुन्या खुणा उरल्या आहेत त्यांचा एका रात्रीत हत्यार म्हणून वापर व्हावा, हेही आम्हाला परवडणारे नाही. आज मशिदीची पायरी आहे. विहाराच्या पायरीला वेगळे नियम लागू होतील असे समजायचे कारण नाही.

(याच तालुक्यात बारसूच्या सड्यावर कातळात एक मानव खोदलेला आहे. दोन्ही हात पसरलेले, दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या पसरलेल्या हातांचा अर्थ सांगणारे आज कोणी नाही. खूण उरली, ती करणारे लोक उरले नाहीत. रिफायनरीच्या वादात बारसूचे नाव २०२३ मध्ये घराघरांत पोचले, तेव्हाही या हातांबद्दल फारसे कोणी बोलले नाही.)

खुणेचा अर्थ पळवला जातो याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या धम्माच्या अगदी जवळचे आहे. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ, बाकीची बोटे उभी, तळवा समोर. शिल्पांमध्ये ही वितर्क मुद्रा, म्हणजे समजावून सांगणारा, चर्चा करणारा हात. सारनाथच्या प्रसिद्ध मूर्तीतल्या धम्मचक्र मुद्रेतही बोटांचे असे वर्तुळ येते. जगभर हीच खूण "ठीक आहे" या अर्थाने चालत होती. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फोर-चॅन या मंचावर काही टवाळांनी ठरवले की ही गोऱ्यांच्या वर्चस्वाची खूण आहे अशी थाप मारायची आणि लोक कसे चिडतात ते पाहायचे. थाप होती, पण खऱ्या वर्णद्वेष्ट्यांना ती आवडली आणि त्यांनी ती वापरायला सुरुवात केली. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये मशिदींत ५१ माणसे मारणाऱ्याने न्यायालयात उभे राहून हीच खूण केली. त्याच वर्षी अँटी-डिफेमेशन लीगने तिचा द्वेषचिन्हांच्या यादीत समावेश केला. गंमत म्हणून सुरू झालेली गोष्ट दोन वर्षांत तिथे पोचली. "अरे, ते फक्त मीम आहे" असे जेव्हा कोणी म्हणते तेव्हा आम्हाला हे आठवते.

उलट दिशेचाही प्रवास आहे, आणि तो बौद्ध देशांतलाच आहे. हंगर गेम्स या सिनेमातली तीन बोटे वर करण्याची खूण म्हणजे निव्वळ पोरांची सिनेमाची हौस. २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा बँकॉकच्या तरुणांनी ती रस्त्यावर आणली. ती केल्याबद्दल लोकांना पकडले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेले सरकार पाडले आणि तीच तीन बोटे यांगूनच्या रस्त्यांवर उभी राहिली. २६ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारचे संयुक्त राष्ट्रांतले प्रतिनिधी क्याव मो तुन यांनी आमसभेत लष्कराविरुद्ध भाषण केले आणि शेवटी ती तीन बोटे वर केली. सिनेमातून उचललेली खूण जगाच्या व्यासपीठावर गेली, कारण मधल्या काळात ती करणाऱ्यांनी तुरुंग आणि गोळ्या पाहिल्या होत्या. (त्याच म्यानमारमध्ये चीवर घातलेले काही भिक्खू लष्कराच्या बाजूला उभे होते. बौद्ध देश म्हटले की सगळे छान, असे समजणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.)

म्हणजे हलकी खूण जड होऊ शकते आणि जड खूण हलकी. आपल्या खुणा कोणत्या वाटेने चालल्या आहेत?

आपल्या आज्या-पणज्यांच्या हातांचा इतिहास पाहू. बाबासाहेबांच्या आधी महार माणसाची वरच्या जातीच्या माणसाला भेटतानाची रीत होती जोहार. अंतर राखून, वाकून, हात खाली, नजर खाली. शरीरालाच जात शिकवलेली होती. कोणी लिहून दिले नव्हते, पोर बापाकडे बघून शिकत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर ती पिढ्यान्पिढ्या फिरत राहिलेली खूण होती, फक्त ती करायची की नाही हे ठरवायची मुभा नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर हे हात पहिल्यांदा वेगळ्या रीतीने हलले. १९२३ चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुलेही केले होते, पण कागदावरच्या ठरावाने कोणाचा हात पाण्याला लागला नव्हता. बाबासाहेब पायऱ्या उतरले, पाणी हातात घेतले आणि प्याले. मागून आलेल्या माणसांनी तेच केले. त्या दिवशी आपल्या माणसांची डोकी फुटली, आणि सवर्णांनी तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून "शुद्धी" केली. तळ्यावरचा हक्क कोर्टात सिद्ध व्हायला मार्च १९३७ उजाडले. एक ओंजळ पाणी, दोन-तीन सेकंदांची हालचाल. रीलमध्ये सहज मावली असती. तिच्यामागे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कोकणातल्या कार्यकर्त्यांची गावोगावची पायपीट होती आणि तिच्यापुढे दहा वर्षांचा खटला होता.

त्याच वर्षी डिसेंबरात मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब महाडच्या सभेत स्त्रियांशी बोलले. लुगडे कसे नेसता, दागिने कोणते घालता, यावरून जात ओळखली जाते, ती ओळख पुसा, असे त्यांनी सांगितले. बायकांनी लगेच नेसण बदलली. देहावरच्या खुणा वाचल्या जातात, म्हणून त्या आपल्या हातात हव्यात, हे बाबासाहेबांना नेमके कळले होते. सूट, टाय, पुस्तक, ताठ मान हाही त्याचाच भाग. कोणी विचारले की बाबासाहेबांना प्रतिमेचे महत्त्व होते का, तर आम्ही बेधडक हो म्हणू. मूकनायक १९२० मध्ये, बहिष्कृत भारत १९२७ मध्ये, पुढे जनता, शेवटी प्रबुद्ध भारत. स्वतःचे माध्यम हातात नसेल तर आपले चित्र दुसरा काढणार, हे त्यांचे पहिल्यापासूनचे म्हणणे.

जोहारची जागा "जय भीम"ने घेतली. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांच्याकडे त्याचे श्रेय जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो हात एकाच वेळी जोडले गेले, ते कोणा माणसापुढे झुकण्यासाठी नव्हते. आणि मग ते बोट. उजवा हात पुढे, तर्जनी उभारलेली, डाव्या हातात संविधान. शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेल्या संसद भवनातल्या पुतळ्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. तिथून ते बोट देशभर गेले, सिमेंटमध्ये, फायबरमध्ये, निळ्या कोटात, चौकाचौकांत आणि वाडीवाडीत. इंटरनेटच्या कितीतरी आधी, वर्गणीच्या पावत्यांवर पसरलेली ही खूण आहे. कोणत्या कंपनीने पसरवली नाही, सरकारने तर बहुतेक ठिकाणी अडवलीच. तो संसदेतला पुतळा जून २०२४ मध्ये जागेवरून हलवून प्रेरणास्थळ नावाच्या कोपऱ्यात इतर पुतळ्यांसोबत ठेवला गेला, तेव्हा आपल्याला जे टोचले ते उगाच नव्हते.

या बोटाची टिंगलही जुनी आहे. बोट दाखवतात तिथवरची जागा आमची, असा एक विनोद उत्तर भारतापासून आपल्या एसटी स्टँडपर्यंत सांगितला जातो. व्हॉट्सॲपच्या आधीचा विनोद आहे. तो सांगणाऱ्याला खरी भीती कशाची वाटते हे त्या विनोदातच दिसते, जागेची. जमीन, चौक, शाळेतला बाक, कचेरीतली खुर्ची. बोटाचा अर्थ विरोधकाला आपल्याइतकाच नीट कळलेला आहे.

मग आजची पोरे रीलमध्ये ते बोट उभारतात तेव्हा काय होते? साचा ठरलेला आहे. संथ गतीतली चाल, गळ्यात निळा पंचा, डीजेचा ठोका पडतो त्या क्षणी बोट वर, कॅप्शनमध्ये "बाप". आम्ही अशा रील पाहतो, आवडल्या तर पुढेही पाठवतो. आपल्यातल्या काही ज्येष्ठांना हे सगळे उथळ वाटते, जयंतीत डीजे नको, मोबाइल नको, पुस्तक वाचा, असे ते सांगतात. पुस्तक वाचाच. पण ज्या बापाने खाली बघून जोहार घातला त्याचा पणतू चौकात कॅमेऱ्याकडे रोखून बघत बोट उभारतो, ही गोष्ट आम्ही उथळ म्हणणार नाही. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली, त्याआधी खेड्यातल्या, वाड्यावस्त्यांतल्या पोरांनी पहिल्यांदा स्वतःचे तोंड देशाला दाखवले होते. शहरी कॅमेऱ्यांनी त्यांना हसून घेतले. महिनाभरात इन्स्टाग्रामने रील्स आणले आणि तोच प्रकार आता छान इंग्रजी नावाने चालू लागला.

त्या हसण्याचा मराठीतला शब्द "छपरी". केस रंगवलेले, स्वस्तातला गॉगल, जुनी बाइक, काळा रंग, की झाला छपरी. छप्परे शाकारणाऱ्या छप्परबंद समाजाच्या नावाशी हा शब्द जोडला जातो. जात थेट उच्चारायची नाही आणि तरी उच्चारायची, याची ही सोय आहे. जयंतीच्या कुठल्याही व्हिडिओखाली दहा कमेंट उघडून पाहा, हा शब्द आणि बाबासाहेबांच्या नावाची विकृत रूपे सापडतील. मुलगी असेल तर विचारूच नका, तिला जातीच्या शिव्या आणि बाई म्हणूनच्या शिव्या एकत्र मिळतात, आणि मग घरातलेच म्हणतात, खाते बंद कर.

आमची अडचण वेगळीकडे आहे. तो साचा बाबासाहेबांसाठी बनलेला नाही. तीच संथ चाल, तोच ठोका, तेच रोखलेले बोट गावच्या गुंडाच्या वाढदिवसाच्या रीलमध्ये आहे, दुसऱ्या समाजाच्या मिरवणुकीच्या रीलमध्ये आहे, झेंड्याचा रंग आणि गाणे तेवढे वेगळे. सगळे जण एकमेकांकडे बोट रोखून उभे आहेत. संसदेतल्या पुतळ्याचे बोट कोणा शेजाऱ्याकडे रोखलेले नव्हते. ॲपला मात्र रोखलेलेच बोट आवडते, कारण त्याखाली भांडण होते. मग "आमच्या बापाला" विरुद्ध "तुमच्या बापाला" अशी स्टेटसची जुगलबंदी सुरू होते. इन्स्टाग्रामला त्यात जाहिराती मिळतात, गावात कोणाला तरी दगड मिळतो.

हे आम्ही घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत लग्नाला आलेल्या, नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाचा खून झाला, मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून. जून २०२३ मध्ये नांदेडजवळ बोंढार हवेलीत आपल्या तरुणाला मारले गेले, गावात भीम जयंती काढल्याचा राग त्यामागे होता असा आरोप आहे. त्याच महिन्यात कोल्हापुरात काही मुलांच्या स्टेटसवरून शहर पेटले. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आणि त्यानंतर अटक झालेला, कायद्याचे शिक्षण घेणारा आपला भाऊ १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. सिक्स सेव्हन करणाऱ्या पोराला फार तर वर्गाबाहेर उभे करतात. आपल्या पोराच्या खुणेची किंमत वेगळी लावली जाते.

कायदाही खूण वाचतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये गटांत वैर पसरवण्याच्या गुन्ह्याची व्याख्या करताना शब्दांबरोबर खुणा, दृश्य चित्रण आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमही मोजले आहे. हे कलम दोन्ही बाजूंना लागते, आणि पोलीस ठाण्यात आधी कोणाला लागते हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. दुसऱ्या बाजूला, ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्या कलम ३(१)(व्ही) प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना अत्यंत आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने "किंवा इतर कोणत्याही मार्गाने" अवमान करणे गुन्हा आहे. बाबासाहेबांच्या पुतळ्याची नक्कल करून केलेली विकृत खूण, कापून चिकटवलेला व्हिडिओ यांना त्या "इतर मार्गात" आणता येते. त्यासाठी तक्रार हवी, तक्रारीसाठी पुरावा हवा, आणि पुरावा बहुतेक वेळा आपणच रागाच्या भरात "रिपोर्ट" दाबून नाहीसा करतो.

म्हणून राजापूर तालुक्यातल्या गावशाखांपुढे आणि त्यांच्या मुंबई शाखांपुढे आम्ही काही साध्या गोष्टी ठेवतो. आपल्याकडे अनेक वाड्यांत चाकरमानी आले की मे महिन्यात बुद्ध-आंबेडकर संयुक्त जयंती होते. मंडप, जेवण, बुद्धवंदना, स्पीकर यांच्या जबाबदाऱ्या वाटून दिलेल्या असतात. त्या यादीत चित्रीकरणाची जबाबदारीही लिहावी आणि ती विशीतल्या पोरा-पोरींकडेच द्यावी. संपूर्ण मिरवणुकीचा मूळ, न कापलेला व्हिडिओ वाडीकडे राहावा. राजापूरच्या शिमग्याच्या रात्री शेवटी प्रश्न हाच होता की आधी आणि नंतर काय झाले. ज्याच्याकडे पूर्ण चित्रण असते त्याचे म्हणणे टिकते. रील टाकताना गावाचे नाव आणि तारीख टाकावी, म्हणजे तीच क्लिप तीन वर्षांनी भलत्याच मजकुरासह फिरली तर हाणून पाडता येते. घाणेरडी कमेंट आली तर आधी खात्याच्या नावासह, वेळेसह स्क्रीनशॉट, लिंक जतन, मग वकील किंवा तालुका शाखा, आणि मगच ती हटवायचा विचार. उत्तरादाखल दुसऱ्या समाजाच्या महापुरुषाला ओढू नये. ते महापुरुष आपलेच आहेत. फुले-शाहू-शिवराय यांची नावे आपण एका दमात घेतो, ती काय फक्त भाषणापुरती? आणि मुलीच्या रीलखाली शिव्या आल्या तर मुलीला खाते बंद करायला सांगणारा भाऊ आधी शिव्या देणाऱ्याचे खाते नोंदवून घेईल, एवढी तरी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

एक शेवटचा मुद्दा, आणि तो वेळेचा आहे. २० मार्च २०२७ ला महाडच्या सत्याग्रहाला १०० वर्षे होतील. त्या दिवशी चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर हजारो मोबाइल असतील आणि ओंजळीची खूण आपोआप रीलमध्ये जाईल, आपण ठरवले तरी आणि न ठरवले तरी. कोणते गाणे तिच्यावर चढते, कोण ती आधी उचलते, कोण तिची टिंगल करते, हे सगळे त्या आठवड्यात ठरेल. बोटाच्या बाबतीत आपण मागून धावलो. ओंजळीच्या बाबतीत आपल्याकडे अजून थोडा वेळ आहे. गावच्या विहिरीवर, पाणवठ्यावर आपल्याला पाणी भरू दिले जात नव्हते, ते कधी आणि कसे सुरू झाले, हे सांगणारी सत्तरी-ऐंशीतली माणसे राजापूरच्या बौद्धवाड्यांत अजून आहेत. त्यांच्या हातांचे, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच विहिरीवर चित्रण करायला एक फोन आणि एक दुपार पुरते. मोबाइल उभा धरायचा की आडवा, ते पोरांनी ठरवावे.